राजाच्या हातची नक्कल
(द्वितीय वर्ष, कला)

‘नक्कल’ हा शब्द आम्हा खेड्यातल्या मुलांना तलाठ्याच्या कचेरीमुळे माहीत होतो. सातबाराची नक्कल, फेरफाराची नक्कल. ती काढायला रयतेने जायचे, दोन खेपा घालायच्या आणि घडी करून पेटीत ठेवायची. राजानेच नक्कल काढावी, तीही स्वतःसाठी, आणि ती कशाची, तर आपल्याच हातपायांना दोरी बांधणाऱ्या कायद्याची, असे कोणी सांगितले तर आपण त्याला वेड्यात काढू. पण असा कायदा यहुदी लोकांच्या धर्मशास्त्रात आहे. ‘तोरा’ म्हणून त्यांचे जे पाच ग्रंथ, त्यांपैकी पाचव्याच्या सतराव्या अध्यायात तो सापडतो. मराठी बायबलात या ग्रंथाचे नाव ‘अनुवाद’ असे आहे.

कायदा फार मोठा नाही. एका पानात मावतो. तुम्हाला राजा हवा असेल तर तो आपल्या भाऊबंदांतला निवडा, परका नको. त्याने घोडे फार वाढवू नयेत आणि घोड्यांसाठी लोकांना पुन्हा मिसर देशात नेऊ नये. बायका पुष्कळ करू नयेत. सोने-रुपे फार साठवू नये. गादीवर बसल्यावर त्याने धर्मशास्त्राची एक नक्कल काढावी, ती जवळ बाळगावी, आयुष्यभर रोज वाचावी. म्हणजे त्याचे मन आपल्या भावांपेक्षा उंच होणार नाही. एवढेच. राजाला काय काय मिळेल याची यादी येथे नाही. काय घेऊ नये याचीच आहे.

कोणी विचारील की, वरकुट्यासारख्या गावातून बारामती-इंदापूरच्या वाटेने शिकायला येणाऱ्या मुलाला यहुद्यांच्या राजांशी काय कर्तव्य? पहिले उत्तर असे, की यहुदी लोक महाराष्ट्राला परके नाहीत. कोकणात अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज गलबत फुटून आले, असे बेने इस्राएल समाज सांगतो. त्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. त्यांची आडनावे आपल्यासारखीच गावावरून पडली: किहीमकर, दिवेकर, नवगावकर. घरात ते मराठी बोलत आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी आपल्या धर्मग्रंथांतील कथांवर मराठीत कीर्तने रचली आणि केली. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्राएलला गेले, ही गोष्ट वेगळी. पुण्याला जाणाऱ्याने लाल देऊळ पाहिलेच असेल. १८६७ साली बांधून झालेले ते यहुद्यांचे प्रार्थनामंदिर आहे. ते बांधणारे डेव्हिड ससून हे बेने इस्राएल नव्हेत, बगदादहून आलेल्या यहुद्यांतले. अशा मंदिरांत तोराची जी गुंडाळी ठेवतात ती आजही हाताने लिहिलेली असते, छापलेली चालत नाही. राजाने ‘लिहावे’ म्हणजे काय, हे त्या गुंडाळीवरून थोडेफार कळते.

दुसरे उत्तर लेखाच्या ओघात येईलच.

प्रथम घोड्यांचे पाहू. आपला हा मुलूख भीमथडीचा. भीमथडी तट्टांच्या पाठीवर मराठ्यांचे राज्य उभे राहिले असे आपण अभिमानाने सांगतो. पुणे, सुपे, इंदापूर ही शहाजीराजांची जहागीर आणि इंदापूरची गढी मालोजीराजांची. अशा प्रदेशातल्या माणसाला ‘राजाने घोडे फार ठेवू नयेत’ हे वाक्य विचित्रच वाटणार. घोड्यावाचून राजा कसला? परंतु कायद्यातच कारण दिले आहे. घोडा मिसर देशातून येई. आणि मिसर म्हणजे जेथे हे लोक गुलाम म्हणून राबले तो देश. फौजेच्या हौसेपायी राजा आपल्याच लोकांना पुन्हा गुलामगिरीच्या दारात नेऊन उभा करील, ही ती भीती होती. शिवाय त्या काळी घोडा म्हणजे रथ, म्हणजे मिरवणूक. आपल्याकडे मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे २०१७ साली उतरवले गेले. दिवे उतरले, गाड्यांची रांग मात्र तेवढीच राहिली. तेव्हा घोड्यांचे कलम अगदीच जुने झाले असे मला वाटत नाही.

बायकांचे आणि सोन्याचे कलम मी झटकन ओलांडतो, कारण शलमोन राजाने ते इतके मोडले की त्याच्या सातशे राण्या आणि तीनशे उपपत्नी असल्याचे त्यांचेच ग्रंथ सांगतात. पुढे इसवी सन २०० च्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘मिश्ना’ या संहितेत ‘पुष्कळ’ म्हणजे किती यावर चर्चा झाली आणि अठरा ही मर्यादा ठरली. अठरा! एका पानाच्या कायद्याचे पंडितांच्या हाती काय होते याचा हा नमुना. पण त्याच मिश्नेत हेही सांगितले आहे की, राजा लढाईला निघाला तर ती नक्कल त्याच्याबरोबर निघावी, न्यायाला बसला तर जवळ असावी, आणि जेवायला बसला तर समोर असावी.

मला या कायद्यातले सर्वांत मोलाचे वाक्य लिहिण्याचेच वाटते. आमच्या घरात एक जुने गहाणखत आहे. त्यावर माझ्या पणजोबांचा अंगठा आहे. शाई पसरलेली आहे, रेषा नीट उठलेल्या नाहीत. ज्याला तो कागद बांधणार होता त्याला तो वाचता येत नव्हता, आणि ज्याने लिहिला त्याला तो बांधत नव्हता. आपल्याकडच्या बहुसंख्य घरांचा कागदाशी संबंध पिढ्यान्‌पिढ्या असाच आला. कॉलेजात शिकणारा घरातला पहिला मुलगा म्हणून आज शेजारचे लोक मला नोटीस वाचून दाखवायला बोलावतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जी धास्ती असते ती या अंगठ्यातून आलेली आहे. म्हणून, ज्याला कायदा बांधणार त्यानेच तो स्वतःच्या हाताने, अक्षर न् अक्षर लिहावा, आणि तो माणूस राजा असावा, ही कल्पना मला मोठी वाटते. लिहिणाऱ्याला ‘मी हे वाचले नव्हते’ असे म्हणता येत नाही.

राजाच्या नावाने निघालेल्या कागदांच्या इतर गोष्टीही त्यांच्या ग्रंथांत आहेत आणि त्या फार वाईट आहेत. दावीद हा त्यांचा सर्वांत लाडका राजा. त्याच्या नावावरची स्तोत्रे ते आजही म्हणतात. या दावीदाने आपल्याच एका शिपायाच्या, उरीयाच्या, बायकोशी व्यभिचार केला आणि ती गरोदर आहे असे कळल्यावर उरीयाला रणभूमीवरून बोलावून घेतले. तो सरळ माणूस. सोबती उघड्यावर झोपलेले असताना मी घरी कसा झोपू म्हणून राजवाड्याच्या दाराशीच पडून राहिला. मग दावीदाने सेनापतीला पत्र लिहिले, की उरीयाला लढाईच्या तोंडावर उभे करा आणि मागे सरा. हे पत्र उरीयाच्याच हाती दिले. आपल्या मरणाचा हुकूम तो माणूस स्वतः घेऊन गेला.

मराठी वाचकाला येथे ‘ध’ चा ‘मा’ आठवल्यावाचून राहणार नाही. नारायणरावाला धरावे असा कागद होता, आनंदीबाईने एक अक्षर बदलून मारावे असे केले, ही आख्यायिका आपण शाळेपासून ऐकत आलो. ती खरी की खोटी यावर इतिहासकार वाद घालोत. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला, एवढे तर खरे आहे. आणि त्यानंतर रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावाला तोंडावर सांगितले की दोष तुमच्याकडे येतो, आणि देहान्त प्रायश्चित्तावाचून याला दुसरे प्रायश्चित्त नाही.

दावीदाकडे असाच एक माणूस गेला. त्याचे नाव नाथान. त्याने राजाला गोष्ट सांगितली: एका श्रीमंताकडे मेंढरांचे कळप होते, गरिबाकडे एकच कोकरू, मुलीसारखे वाढवलेले, पाहुणा आला तेव्हा श्रीमंताने आपले कळप सोडून गरिबाचे कोकरू कापले. दावीद संतापून म्हणाला, तो माणूस मरणालाच योग्य आहे. तेव्हा नाथानाने सांगितले, तो माणूस तूच. आपल्या भागात मेंढपाळांची वस्ती पुष्कळ, त्यामुळे ही गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागणार नाही.

दोन प्रसंग सारखे दिसतात, पण शेवट निराळा आहे. दावीदाने ‘मी पाप केले’ असे कबूल केले. रघुनाथरावाने केले नाही. रामशास्त्र्यांनी पद सोडले आणि पुणेही सोडले. पुढे बारभाईंचा कारभार सुरू झाल्यावर ते पुन्हा न्यायाधीश झाले. दावीद राजा थोर की नाही हे मला ठरवायचे नाही. पण त्या लोकांच्या ग्रंथकारांनी आपल्या सर्वांत थोर राजाचे हे कृत्य लपवले नाही, देवळात वाचायच्या ग्रंथात घातले, याचे मला नवल वाटते. आपल्याकडे एखाद्या थोर पुरुषाविषयी एक वाकडे वाक्य कोणी लिहिले की दगड कोठे आहेत याचा शोध सुरू होतो.

आता तिसरा कागद. अहाब नावाच्या राजाच्या वाड्याशेजारी नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा होता. (इंदापूर तालुक्यातल्या वाचकांनी येथे आपल्या बागा डोळ्यांसमोर आणाव्यात.) राजाला ती जागा भाजीपाल्याची बाग करायला हवी होती. त्याने रास्त बोलणे केले: याहून चांगला मळा देतो, नको असेल तर रोख किंमत देतो. नाबोथ नाही म्हणाला, कारण ते वाडवडिलांचे वतन होते. मराठी भाषांतरकारांनी येथे ‘वतन’ हाच शब्द वापरला आहे आणि तो इतका चपखल बसला आहे की ही गोष्ट भीमेकाठी घडली असावी असे वाटते. राजा रुसून पलंगावर पडला, जेवेना. मग राणी ईजबेलने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजाची मोहर उठवली आणि ती नाबोथाच्या गावच्या वडीलधाऱ्यांकडे पाठवली. त्यांनी दोन खोटे साक्षीदार उभे केले आणि नाबोथाला दगडांनी ठेचून मारले. अहाब मळ्याचा ताबा घ्यायला गेला, तो एलीया संदेष्टा तेथे त्याची वाट अडवून उभा.

या गोष्टीत मला राणीपेक्षा त्या गावच्या पंचांचा राग जास्त येतो. राजाने आपल्या भावाला मारायला सांगितले आणि एकानेही पत्र परत पाठवले नाही. नाबोथ त्यांच्या रोजच्या पाहण्यातला माणूस असणार.

जमीन घेण्याच्या सगळ्याच गोष्टी अहाबाच्या नसतात, हे मान्य केले पाहिजे. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या पाण्याखाली आपल्या तालुक्यातली गावे गेली, पळसदेवचे जुने देऊळ गेले, ते दुष्काळात पाणी उतरले की वर येते. त्याच पाण्यावर पुढे कितीतरी शेती फुलली. सार्वजनिक काम आणि राजाच्या वाड्याची भाजी यांत फरक आहे. परंतु तो फरक कोणी ठरवायचा? १८९४ चा जमीन संपादनाचा इंग्रजी कायदा बदलून नवा कायदा यायला २०१३ साल उजाडले. तोवर नाबोथाची ‘नाही’ ऐकून घेण्याची सक्ती सरकारवर जवळजवळ नव्हतीच.

आणि भाजीवरून मला दुसरे उत्तर द्यायचे आहे. शिवाजी महाराजांनी १६७६ साली प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला पत्र पाठवले. त्यात त्याने रयतेच्या भाजीच्या देठाचाही मोह धरू नये अशी ताकीद आहे. पुढे गावोगाव हिंडावे, कुणब्यांना गोळा करावे, ज्याला बैल नाहीत त्याला बैलांसाठी पैसे द्यावेत, खायला धान्य नाही त्याला धान्य द्यावे, आणि वसुली करताना व्याज न घेता मुद्दल तेवढे, त्याला झेपेल तसे, हळूहळू घ्यावे असे सांगितले आहे. अहाब भाजीच्या बागेसाठी माणूस मारू देतो आणि आपला राजा भाजीच्या देठासाठी सुभेदाराला पत्र लिहितो. राज्याभिषेकाच्या सुमाराचे दुसरे पत्र चिपळूणकडे छावणीस राहिलेल्या लष्करी अंमलदारांना आहे. दाणावैरण आताच उधळाल तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरचे दाणे, गवत, लाकूड, भाजी ओढून आणू लागाल, आणि त्या गरिबांना वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. तेव्हा जे लागेल ते बाजारातून पैसे देऊन घ्या, असा त्याचा आशय. उंदीर दिव्याची जळती वात पळवील आणि वैरणीच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत काळजी त्यात केलेली आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या सुमारे १७१५ सालच्या आज्ञापत्रात आरमारासाठी आंबा-फणस तोडू नयेत, ती झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, असे बजावले आहे. वेढा घातलेल्या शहराभोवतीची फळझाडे तोडू नयेत, हा नियम ‘अनुवाद’ ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात आहे. अमात्यांनी तो ग्रंथ पाहिला असण्याचा संभव मला दिसत नाही. झाड लावणाऱ्याचे दुःख दोन्हीकडे सारखेच कळले असावे.

मात्र येथे एक फरक दडवून चालणार नाही. महाराजांची पत्रे अधिकाऱ्यांना बांधतात. लिहिणारा राजा स्वतः बांधून घेतो तो आपल्या शीलाने. राजाला बांधणारा कागद आपल्याकडे नव्हता. बारामतीत राहून मोरोपंतांनी महाभारत आर्यांत उतरवले. त्या महाभारतात शरपंजरी भीष्म युधिष्ठिराला राजधर्म सांगतात, तो कितीतरी विस्तृत आहे. पण तो उपदेश आहे. युधिष्ठिराने ऐकला, कारण तो युधिष्ठिर होता. दुर्योधनाने ऐकला नसता तर पुढे काय, याची तजवीज त्यात मला दिसली नाही.

यहुद्यांकडे तरी तजवीज होती का? कायदा होता, पण कायदा बोलतो तो माणसांच्या तोंडून. राजा मागायला लोक शमुवेलाकडे आले तेव्हाच त्याने बजावले होते, की तो तुमची मुले रथांपुढे पळवील, मुलींना स्वयंपाकिणी करील, शेते आणि द्राक्षमळे घेऊन आपल्या चाकरांना देईल, दहावा हिस्सा घेईल, आणि मग तुम्ही ओरडाल. लोक म्हणाले, असो, आम्हाला इतरांसारखा राजा हवाच. शमुवेलाने हे राजाचे हक्क सांगितले की नुसती भीती घातली, यावर त्यांचे पंडित शेकडो वर्षे भांडले. बाराव्या शतकातला मायमोनिडीज, जो स्वतः मिसरात राजदरबारी वैद्य होता, म्हणतो की राजा नेमणे ही आज्ञाच आहे, पण राजाने लोकांशी भावांसारखे बोलावे आणि मेंढपाळासारखे त्यांना सांभाळावे. पंधराव्या शतकातला अब्राबनेल राजांचा खजिनदार होता. १४९२ साली स्पेनच्या राजा-राणीने यहुद्यांना हाकलले तेव्हा तोही देशोधडीला लागला. त्याचे मत असे की राजा नेमण्याची आज्ञा मुळीच नाही. अनुभव माणसाला ग्रंथ निराळा वाचायला लावतो!

तालमुदातली एक गोष्ट मात्र मला सोडून देववत नाही. यन्नाय राजाच्या गुलामाने खून केला. शिमोन बेन शताह या न्यायाधीशाने राजालाही न्यायसभेत बोलावले. राजा आला आणि बसला. शिमोन म्हणाला, उभा राहा. तू आमच्यापुढे नाही, जग निर्माण करणाऱ्यापुढे उभा आहेस. राजा म्हणाला, तू म्हणतोस तसे नाही, तुझे सोबती म्हणतील तसे. शिमोन उजवीकडे वळला. सर्वांनी नजरा जमिनीकडे वळवल्या. डावीकडे वळला, त्यांनीही जमिनीकडे पाहिले. तालमुद म्हणते की देवदूताने त्या सर्वांना तेथेच मारले. आणि त्यानंतर नियम झाला, की इस्राएलच्या राजाने न्याय करू नये आणि त्याचा न्यायही कोणी करू नये.

हा नियम राजाच्या थोरवीतून आला नाही, न्यायाधीशांच्या खाली गेलेल्या मानांतून आला. जे निभावण्याची ताकद नाही ते त्यांनी कायद्यातूनच काढून टाकले. देवदूताच्या शिक्षेपेक्षा मला ही शिक्षा मोठी वाटते, कारण ती पुढच्या पिढ्यांनाही भोगावी लागली.

आपल्याकडे संस्थानिकांचे तनखे १९७१ साली बंद झाले, राजे गेले. पण ग्रामसभेला बसलेल्या कोणालाही तो उजवीकडे-डावीकडे वळण्याचा देखावा अनोळखी नाही. ठराव भरभर वाचला जातो, ‘सर्वांना मंजूर?’ असे विचारले जाते, आणि पन्नास माणसे सतरंजीचे पट्टे मोजू लागतात. कोणी शिकलेला पोरगा उठून ‘परत एकदा वाचा’ म्हणाला, तर त्याच्या शेजारचाच त्याचा शर्ट ओढून त्याला खाली बसवतो. नंतर हजेरीचे पुस्तक फिरते आणि सह्या होतात, काही अंगठेही उठतात. बसलेली माणसे वाईट नसतात. पाण्याची पाळी, उसाची तोड, मुलाची नोकरी यांपैकी काहीतरी प्रत्येकाचे समोरच्याच्या हातात असते. शिमोनाच्या सोबत्यांचेही असेच काही असेल.

यहुद्यांमध्ये दर सात वर्षांनी मांडवांच्या सणाला पुरुष, स्त्रिया, मुले आणि गावात राहणारे परकेसुद्धा एकत्र करून धर्मशास्त्र मोठ्याने वाचण्याची आज्ञा आहे. यरुशलेमचे मंदिर उभे होते तोवर हे वाचन लाकडी चौथऱ्यावर राजा करीत असे. अग्रिप्पा राजाने बसण्याची मुभा असून उभ्याने वाचले, आणि ‘परका राजा नेमू नको’ हे वाक्य आले तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी आले, कारण त्याचे घराणे बाहेरचे होते. लोक ओरडले, भिऊ नकोस, तू आमचा भाऊच आहेस. तालमुदातल्या पंडितांना हेही आवडले नाही. त्यांनी याला खुशामत म्हटले. पण राजाने स्वतःविरुद्ध जाणारे वाक्य न गाळता सर्वांसमोर वाचले, हे तर खरेच.

शिवजयंतीला आपल्या कॉलेजात आणि गावोगाव घोडा येतो, फेटे येतात, भाषणे होतात, अलीकडे आवाजाने खिडक्या थरथरतात. त्या दिवशी महाराजांची ही दोन पत्रे पूर्ण वाचली जावीत, अशी माझी प्राचार्य आणि विद्यार्थी मंडळाला विनंती आहे. एक चिपळूणचे, एक रामाजी अनंताचे. दोन्ही मिळून अर्धा तासही लागणार नाही. त्यांची भाषा आपल्याला जड जाते, तेव्हा इतिहासाच्या सरांनी कठीण शब्दांचा अर्थ अगोदर फळ्यावर लिहून द्यावा. वाचन विद्यार्थ्याने करू नये. त्या दिवशी जो कोणी प्रमुख पाहुणा व्यासपीठावर असेल त्याने ती स्वतः, उभे राहून, मोठ्याने वाचावीत. भाजीच्या देठाची ओळ मधल्या पानावर येते, ती गाळू नये.